फोडणीचं जाकीट

रॉसच्या सहाशे हेक्टर डोंगराळ रानाला हरणं अडवणारं कुंपण नव्हतं, आणि तरीही त्यातले मोठे नर बाहेर जात नव्हते. का जात नव्हते, हे कोडं चारुदत्तला पहिल्या भेटीतच चिकटलं. चारुदत्त मूळचा पुण्याचा, आता परदेशात, दक्षिण गोलार्धातल्या हॅमिल्टनला दूध काढायच्या यंत्रांचे सेन्सर दुरुस्त करणारा इंजिनिअर. कोडं सुटेपर्यंत ह्याला घास गोड लागत नाही. रॉसकडे तो एका मीटरच्या दुरुस्तीसाठी दीड तास गाडी हाकत गेला होता. काम संपल्यावर चहा पिता पिता त्याने विचारलंच.

"बाहेर त्यांच्यासाठी आहे काय?" सत्तरीचा, एकटा राहणारा रॉस म्हणाला. सरकारी जंगलात हरीण म्हणजे उपद्रव. परवाना काढावा आणि दिसेल ते मारावं. शेजारच्या रानांत जरा शिंगं फुटलेला नर दिसला की बार निघतो, त्यामुळे कोणी म्हातारा होतच नाही. रॉसची रीत निराळी होती. तरुण नरांना हात लावायचा नाही. माद्या फार वाढल्या की थंडीत थोड्या कमी करायच्या, म्हणजे चारा पुरतो. कडेच्या उतारावर क्लोव्हरचा हिरवा चारा पेरायचा. आणि रानाच्या मधोमध जी दाट घळ आहे, तिच्यात कोणीही, अगदी मालकानेसुद्धा, पाऊल टाकायचं नाही. एप्रिलमध्ये, तिकडच्या पानगळीत, नर माजावर येऊन डरकाळ्या फोडतात, तेव्हा वर्षाकाठी एकच मारायचा, तोही पूर्ण वाढ झालेला.

"म्हणजे देवराईच की," घरी आल्यावर चारुदत्त बायकोला म्हणाला.

"हो, फक्त देव बंदूक घेऊन बसलाय," विभावरी म्हणाली.

रॉसने घळीच्या तोंडाशी झाडांना कॅमेरे बांधले होते, पण त्याचा खुबा झिजल्यामुळे दर आठवड्याला उतार चढवेना. दर रविवारी जाऊन कॅमेऱ्यांची कार्डं बदलायचं काम चारुदत्तने आपण होऊन अंगावर घेतलं.

"आपल्या घरात अंडं येत नाही, आणि तू शिकाऱ्याचा कारकून?" विभावरीने टोमणा मारला.

"मी फक्त बघतो गं. आणि किती इंटरेस्टिंग आहे ते!"

रॉसची एकच अट होती: अंगाला कसलाही वास नको. हरीण डोळ्यांपेक्षा नाकावर जगतं. चारुदत्तने डिओडरंट सोडलं, आफ्टरशेव्ह सोडलं, बिनवासाचा साबण आणला. हे सगळं निष्ठेने करून तो रविवारी स्वयंपाकघराच्या दारामागचं निळं जाकीट अंगात चढवायचा आणि निघायचा. त्या खुंटीपासून चार हातांवर रोज हिंग-मोहरी तडतडत होती. आपल्या घरचा वास आपल्याला कधी येतो? बिनवासाच्या साबणाने धुतलेला हा माणूस वर्षभर त्या रानात आमटीच्या वासाने घमघमत फिरला.

पण झालं उलटंच. त्याची चाहूल लागून हरणं पळायला हवी होती. त्याच्या देखत ती चरायला यायला लागली. कार्ड बदलून तो जरा खडकावर बसला की झाडीतून एक प्रचंड नर बाहेर यायचा, मान वर करून हवा हुंगायचा आणि निवांत क्लोव्हरला तोंड लावायचा. चारुदत्तने त्याचा फोटो घरी दाखवला.

"अय्या, हा तर आमचा काशिनाथमामा!" विभावरी खिदळली. "लग्नात पंगतीला बसण्याआधी तो अस्साच नाक वर करून बघायचा." झालं, नराचं नाव काशिनाथ पडलं.

रॉस नावंबिवं ठेवत नसे. पण फोटो पाहताना त्याचा आवाज बदलायचा. वय शिंगांवरून नाही, अंगावरून ओळखायचं, हे त्यानेच शिकवलं: पोट सुटलेलं, पाठ मध्ये झोळलेली, मान खांद्यात रुतलेली, चाल जड. हा अकरा वर्षांचा होता. दोन वर्षांचा होता तेव्हापासून रॉसने त्याला राखला होता. तीनदा तो नेमात आला आणि तीनदा रॉसने बोट मागे घेतलं, अजून भरायचाय म्हणून. पुढच्या वर्षापासून त्याची शिंगं उताराला लागणार होती. आणि रॉसच्या खुब्याचं ऑपरेशन जूनमध्ये होतं. त्यानंतर उतार बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणजे दोघांचाही हाच एप्रिल होता.

"पण मी गेलो की तो दिसत नाही," रॉस म्हणाला. "माझे कपडे आठ-आठ दिवस वाऱ्यावर टांगलेले असतात. तू बसतोस तिथेच मी बसतो. तुझ्यासमोर तो जेवतो कसा?"

मग दोघांनी मिळून प्रयोग केला. फेब्रुवारीत रॉसचं स्वच्छ, वाऱ्यावर वाळवलेलं जाकीट घळीच्या तोंडाशी एका खांबाला अडकवलं. चार दिवस कॅमेऱ्यात ससेसुद्धा आले नाहीत. पुढच्या रविवारी त्याच खांबाला चारुदत्तचं निळं जाकीट अडकवलं. दुसऱ्याच दिवशीच्या फोटोंत काशिनाथ खांबाला नाक लावून उभा होता.

रॉस तो फोटो बराच वेळ बघत राहिला. मग त्याने जाकीट नाकाशी धरलं आणि मोठ्याने हसला. "मित्रा, हा तर जेवणाचा वास आहे! माझ्या वासाबरोबर नऊ वर्षं बंदुकीचा आवाज आलाय. माद्या पडल्यात. तुझ्या वासाबरोबर वर्षभरात काहीच वाईट घडलं नाही. त्याने हिशोब मांडलाय."

चारुदत्त आनंदाने वेडा व्हायचा बाकी होता. कोडं सुटलं होतं, आणि उत्तर त्याच्या अंगावरच होतं! तेवढ्यात रॉस म्हणाला, "एप्रिलमध्ये हे जाकीट मला एका सकाळपुरतं दे."

चारुदत्तचा आनंद जागच्या जागी थिजला. "बघतो," एवढंच तो कसाबसा म्हणाला.

घरी त्याने विभावरीला सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं, ह्याला प्रश्न शिकारीचा पडलाय. "ते नाही गं," तो म्हणाला. "रॉस नसता तर तो दुसऱ्याच वर्षी मेला असता. त्याची अकरा वर्षं रॉसनेच दिलीत, हे मला मान्य आहे. रॉसने मारावा, स्वतःच्या पायांनी जाऊन मारावा. पण काशिनाथने माझ्यावर विश्वास टाकलाय. तो विश्वास पांघरून त्याला मारायचं?"

"मग नाही म्हण."

"नाही म्हटलं तरी वास तिथे राहणारच ना. मी कार्ड बदलायला गेलो की हा बाहेर येणार, आणि रॉस माझ्या मागे दहा पावलांवर बसला तरी चालेल."

"मग त्याला तुझी भीती वाटायला हवी," विभावरी म्हणाली. चारुदत्तच्या मनात नेमकं तेच घोळत होतं.

मार्चच्या शेवटच्या रविवारी तो जाकीट घालून खडकावर बसला. काशिनाथ आला. त्या दिवशी तो थांबलाच नाही. चरत चरत पुढे येत राहिला. वीस पावलं, पंधरा, बारा. त्याच्या तोंडाभोवतीचे पिकलेले केस, मानेवरचा चिखल, श्वासाचा आवाज, सगळं चारुदत्तला पहिल्यांदा कळत होतं. अजून थोडं बघू दे, अजून थोडं, असं त्याला वाटत राहिलं, आणि त्या अजूनला अंत नव्हता. शेवटी तो उठला, स्टीलच्या डब्यावर झाकण बडवत, घसा फाटेस्तोवर ओरडत त्याच्या अंगावर धावला. "पळ मेल्या! पळ! परत येऊ नकोस माझ्याजवळ!" हातात आलेला दगडही त्याने भिरकावला. तो काशिनाथच्या खांद्याला लागला.

काशिनाथ एकदाच भुंकल्यासारखा ओरडला आणि झाडी मोडत घळीत नाहीसा झाला. चारुदत्त खडकाला टेकून रडला.

तिथून तो थेट रॉसच्या घरी गेला आणि त्याने काही न लपवता सगळं सांगून टाकलं.

रॉसचं तोंड लाल झालं. "नऊ वर्षं," तो म्हणाला. "नऊ वर्षं मी ती घळ राखली. आणि एप्रिल चार दिवसांवर आला असताना तू तिथे डबे बडवतोस?"

"मला तुझं वाईट करायचं नव्हतं. फक्त माझ्या वासाने तो मरायला नको होता."

रॉस खिडकीशी जाऊन उभा राहिला. खुबा दुखत असावा, कारण त्याने चौकटीचा आधार घेतला. "मी जाणारच," तो बाहेर बघत म्हणाला. "माझ्या कपड्यांत. वारा तोंडावर घेऊन. मिळाला तर मिळाला."

"जा. मी अडवणार नाही."

चारुदत्त गाडीची किल्ली घेऊन उठला. तो दाराशी पोचला तेव्हा रॉसने पाठमोऱ्यानेच विचारलं, "किती जवळ आला होता?"

"बारा पावलं."

रॉस वळला. नऊ वर्षांत काशिनाथ त्याच्या दोनशे पावलांच्या आत कधी आला नव्हता. जे पाहिलं ते दुर्बिणीतून. रॉसच्या चेहऱ्यावरचा राग कुठल्या कुठे गेला होता. त्याने लंगडत येऊन टेबलापाशी एक खुर्ची ओढली, मग दुसरी.

"बस," तो म्हणाला. "जवळून कसा दिसतो तो?"

चारुदत्त बसला आणि त्याने पिकलेल्या केसांपासून सांगायला सुरुवात केली.