गोल पाठ, सपाट पाठ

सौंदडजवळच्या एका गावात तलावाचं पाणी वाटायचं काम उमराव कापगते यांच्याकडे होतं. ऑक्टोबरात धान निसवायला आला, लोंब्या बाहेर पडू लागल्या, की पाटाच्या पाण्यावरून ते कोणाचाच भरवसा धरत नसत. गजेंद्र लंजेची पोरगी आचल तीन दिवस सकाळी पाटात उतरते, असं कानावर आल्यावर चौथ्या दिवशी ते पळसाआड जाऊन उभे राहिले.

आचलनं पाटाच्या तळाशी शेजारी शेजारी दोन काचा बसवल्या होत्या. बाजूला फळ्या लावून प्रवाह अरुंद केला होता. काचांवरून बोटभर पाणी सरसर वाहत होतं. तिनं मासोळीच्या आकाराचे दोन लाकडी तुकडे त्यात उभे केले, मोबाईलवर फोटो काढले, वहीत आकडे लिहिले.

“कोणाच्या बांधीत पाणी वळवून राहिली वं?”

आचल दचकली. “वळवून नाही, काकाजी. पाहून राहिली.”

“पाणी पाहाले चार दिवस लागते? बापानं पाठवलं?”

“बाबाले माहीतबी नाही. माह्या पीएचडीचं काम हाये. विमानाच्या पंखाचं.”

“इमान? पाटात?” उमरावांनी दोन्ही फळ्या उचलून पाहिल्या. खाली कुठं नळी दडवलेली नव्हती. तरी ते हलले नाहीत.

“विमान आवाजाच्या वेगाजवळ गेलं, का पंखाच्या पाठीवरची हवा आवाजाहून जोरात पळते,” आचल सांगू लागली, “अन् एकदम अडते. तिथं हवेचा बांधच उभा राहते. पंख मागं झुकवले का तो उशिरा उठते. पण केवढा उठन, ते पाठीच्या आकारावर हाये. पाण्यात तसंच दिसते, म्हणून हे.”

उमरावांनी एक तुकडा हातात घेतला. वरून सपाट, पोटाला फुगीर, शेपटीला किंचित वाकलेला. “हा उलटा कापला.”

“मुद्दाम तसा हाये.”

तुकडा जागेवर ठेवून ते वाकून पाहू लागले. डावीकडच्या दुसऱ्या तुकड्याच्या गोल पाठीवर पाण्याचा बांध उठून मागं खळबळ होत होती. उजवीकडे सपाट पाठीवर जेमतेम सुरकुती होती.

“आमच्या गाईड मॅडमले पटत नाही,” आचल हळूच म्हणाली. “म्हणते, फरक जरा जास्तच चांगला दिसतो.”

“मलेबी नाही पटत. गोल तुकडा दररोज डावीकडंच काऊन? अदलाबदल कर.”

तिनं केली. उजवीकडे गोल पाठीवरचा बांध निम्म्यावर आला. आचलचा चेहरा उतरला. उमरावांनी डाव्या काचेवर तळवा दाबला. एक कोपरा खाली गेला.

“खालचा चिखल वाहून गेला. काच कलली, म्हणून इथं पाणी जास्त जोरात पळते.” मग पुन्हा पाण्याकडे पाहून म्हणाले, “फरक हाये. पण तू लिहिला तेवढा नाही.”

तिनं चारही दिवसांची पानं खोडली. लाज वाटली, आणि छातीवरचं ओझंही उतरलं. दोघांनी काच काढून खाली मुरूम ठोकला. दहा वाजेपर्यंत तिनं दोन्ही तुकडे दोन्ही बाजूंना ठेवून नवे आकडे घेतले आणि झालं ते सगळं, चुकीसकट, मॅडमना कळवलं.

दोन दिवसांनी उत्तर आलं: आता पटतंय, पण मोजणी आणखी हवी. आचल उमरावांच्या अंगणात गेली आणि पाटात मोजणीसाठी आणखी चार दिवस मागितले.

त्यांनी दोन दिले.