खांबावरचा हात

मामांनी खालून माझ्याकडे पाहिलं आणि मी सवयीने अंगठा वर केला. तिथेच माती खाल्ली.

चार दिवस सर्दीने बेजार होते मी, दोन्ही कानांना दडे बसलेले. तरी अंगठा वर! आमचा रोलर कोस्टर रुळांखाली लटकतो, माणसांचे पाय हवेत. उभ्या मनोऱ्यावर सुसाट चढतो, क्षणभर थबकतो आणि आल्या वाटेने पाठमोरा परततो. रोज सकाळी रिकामी गाडी सोडायची आणि परतीचा आवाज मेकॅनिक मामांनी ऐकायचा, ही इथली पद्धत. बिघडलेलं चाक परतताना कुरकुरतं. मामा नुसत्या आवाजावरून नेमकं चाक सांगायचे, म्हणून सगळे त्यांना 'कान' म्हणत. त्या कानांना वर्षभर काही ऐकू येत नव्हतं, समोरच्याचे ओठ वाचून ते निभावत होते, हे फक्त मला, गाडीचं बटण दाबणारीला, ठाऊक होतं. निवृत्तीला आठ महिने उरलेले. मामी अंथरुणाला खिळलेल्या, त्यांचं औषधपाणी मामांच्या नोकरीवर. म्हणून केबिनमधून मी ऐकायचे आणि अंगठा दाखवायचे.

मामांनी अंगठा पाहिला, पण मनोऱ्याच्या खांबावर टेकवलेला हात काढला नाही. "पुन्हा सोड," त्यांनी खूण केली.

फाटकाबाहेर शाळेची पोरं कलकलाट करत होती. गाडी गेली, उलटी आली. मला ढिम्म ऐकू आलं नाही. मामा तडक मोठ्या स्विचपाशी गेले, तो बंद केला, कमरेचं लाल कुलूप काढलं आणि त्यावर ठोकलं. ज्याने लावलं त्यानेच ते काढायचं. साहेबांनीसुद्धा हात लावायचा नाही.

साहेब धापा टाकत आले, मीही केबिनमधून खाली धावले. "अहो, पोरं दारात उभी आहेत! कोणतं चाक ते सांगा, अर्ध्या तासात बदलू."

छप्पन्न चाकं. कुठल्याही चाकाकडे बोट दाखवलं असतं तर मामा सुटले असते. मी मनात म्हणत होते, दाखवा ना, मामा, काहीतरी दाखवा!

"कोणतं ते नाही सांगता येत," मामा म्हणाले. "खांब थरथरला एवढं हाताला कळलं. सगळी उघडा."

"हाताला? आणि कान?"

"कान गेले, साहेब. वर्ष झालं."

मी पुढे झाले. "साहेब, मला..."

"तू गप गं!" मामा खेकसले. "हिला काय कळतंय!"

मामांना त्याच दुपारी कायमचं घरी पाठवलं. तिसऱ्या दिवशी एकेचाळिसाव्या चाकाचं बेअरिंग फुटलेलं सापडलं. मग कुलूप काढायला त्यांनाच बोलवावं लागलं. धुतलेला शर्ट घालून आले, कुलूप काढून खिशात टाकलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. त्यांनी ओठ वाचावेत म्हणून मी समोर जाऊन सावकाश म्हटलं, "मामा, त्या दिवशी मला ऐकूच आलं नव्हतं."

"ठाऊक आहे. नाक बघितलं होतं तुझं, टोमॅटो झालेलं." ते हसले. "अगं, तुझ्या एकटीच्या अंगठ्यावर पोरं वर पाठवली असती, तर रात्री झोप लागली असती का मला?"

आणि फाटकातून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी बटणावर दुसरीला बसवून मी खांबाशी उभी राहिले. पांढऱ्या रंगावर, माझ्या डोक्याच्याही वर, वर्षभर एकाच जागी टेकलेल्या तेलकट तळव्याचा काळा ठसा होता. टाचा उंचावून मी त्यावर हात ठेवला आणि ओरडले, "सोड!"