दिसलं होतं

मनकर्णानं स्क्रीनवरची ओळ पुन्हा वाचली आणि खुर्ची मागं सरकवली. चूक ढळढळीत होती. जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर शून्यानं सुरू होत असेल, तर अर्जुनरावांचा प्रोग्राम ते शून्य गाळून टाकत होता. म्हणजे चारा छावणीत त्या जनावराची नोंद सापडणार नाही, आणि नोंद नाही तर चारा नाही.

"बघितलंस का गं?" अर्जुनराव दारातून म्हणाले. "उद्या सकाळी चालू करायचं हाय. लागंल तेवढा वेळ घे, पण नीट बघ."

"बघितलं सर. ठीक हाय."

ते वळून गेले. मनकर्णा त्यांच्या पाठीकडं बघत राहिली. मागच्या उन्हाळ्यात याच माणसाच्या हातून दूध संघाच्या सभासदांच्या नोंदी पुसल्या गेल्या होत्या, आणि भरसभेत त्यानं बोट दाखवलं होतं तिच्याकडं. तिनं हात जोडून माफी मागितली. सभासदांत तिचे वडील बसले होते. पटका सारखा करायचं निमित्त करून त्यांनी मान खाली घातली होती. तेव्हापासून अर्जुनराव आपलं प्रत्येक काम तिच्याकडून तपासून घ्यायचे. तिला ते भ्याल्याचं लक्षण वाटायचं.

सकाळी ती आष्टीच्या माळावर, संघाच्या छावणीत गेली ती मुद्दाम बघायलाच.

केसरबाई दोन गाई घेऊन लांबून चालत आली होती. चारा वाटणाऱ्यानं बिल्ल्याला मशीन लावलं.

"नोंद न्हाई, मावशी."

"काल व्हती की."

"आज न्हाई."

केसरबाई तिथंच फतकल मारून बसली. मागं रांग वाढत गेली. एक गाय रिकामं पोतं चघळू लागली, तशी मनकर्णानं नजर रस्त्याकडं वळवली.

थोड्या वेळानं संघाचे अध्यक्ष विठ्ठलराव गाडीतून उतरले. रांगेतल्या बायांनी त्यांना घेरलं. त्यातून वाट काढत ते लॅपटॉप घेऊन उभ्या अर्जुनरावांपाशी आले.

"कुणाचं काम हे?"

मनकर्णानं पदर खोचला. अर्जुनरावांनी आपलं नाव घेतलं की मागच्या वर्षीचंही सगळं चव्हाट्यावर मांडायचं, हे तिनं ठरवून ठेवलं होतं.

"माझं," अर्जुनराव म्हणाले. "चूक माझी हाय."

"कुणी तपासलं न्हाई?"

अर्जुनरावांनी एकदा तिच्याकडं बघितलं. "मी तपासायला दिलंच न्हाई."

"मग हे नीट करा, आन् उद्यापासून येऊ नका."

हेच वाक्य तिनं वर्षभर मनात घोळवलं होतं. आता ते कानांनी ऐकलं, तर अंगाची नुसती लाही झाली. ज्या तोंडानं खोटं बोलून तिला बुडवलं, त्याच तोंडानं खोटं बोलून आज तो तिला वाचवत होता. त्याचे उपकार पदरात घेऊन घरी जायचं, हे तिला त्या माफीहूनही जड वाटलं.

अर्जुनराव खाली मान घालून दुरुस्तीला बसले होते.

"दिलं होतं, सायेब," मनकर्णा म्हणाली. "मीच तपासलं."

विठ्ठलराव वळले. "मग तुला दिसलं न्हाई?"

अर्जुनरावांची बोटं थांबली. केसरबाईही मान वर करून बघू लागली.

"दिसलं होतं," ती म्हणाली.