गुलबर्ग्याची खरखर

बसवेशनं शाळा सोडली, पण सोल्डरिंग काय सोडलं न्हाय. सात रस्ता चौकाच्या मागं, घराच्या पुढल्या खोलीत त्यानं एक डबी बनवली होती. फोन लावला की रानातली मोटार चालू. उद्या ती पुण्याच्या लॅबला जायची होती. चालू डबीतनं जी खरखर हवेत सुटते, ती तितं मोजतात. जास्त निघाली की डबी नापास, अन् पुन्यांदा नंबर कवा लागंल देव जाणे.

म्हणून घरीच आधी तपासणी. पडद्याआड अव्वाचा, म्हंजी आई सावित्रम्माचा, रेडिओ. बटण दाबायचं अन् वरडायचं, "अव्वा, खरखरतंय का?"

पयल्यांदा लई खरखरायचं. सावित्रम्मा दुपारी गुलबर्ग्याचं कन्नड स्टेशन लावायची. गाणं कुणी मागितलं, कुठल्या गावातनं, ते तितं सांगायचे. तिचं माहेर कर्नाटकातलं आळंद. भाऊ वारल्यापासनं तितं दार उघडायला कुणी उरलं न्हवतं. रेडिओत गावाचं नाव आलं, की तेवढंच माहेर.

हल्ली मात्र ती रोज म्हणायची, "न्हाय रे, लख्ख हाय."

आज तो पाणी प्यायला आत गेला, तर रेडिओवर साड्यांच्या दुकानाची जाहिरात.

"हे काय लावलंयस? गुलबर्गा कुटंय?"

"तुझी डबी चालू असली की तितं काय बी कळत न्हाय. ह्या एफेमवर त्रास न्हाय."

बसवेशचं डोस्कं सणकलं. "मग सांगायचं न्हाय व्हय? मी तुझ्या भरवशावर डबी धाडाय निघालो."

"तू ईचारलंस खरखरतंय का. न्हवतं खरखरत," ती म्हणाली. मग हळूच, "पोराचं काम कशाला मोडायचं."

त्यानं काटा गुलबर्ग्यावर नेला. खर्रर्र.

डबी उघडली. आतल्या दोन वायरी लांबसडक, अँटेनासारख्या पसरलेल्या. त्यानं त्या आखूड केल्या, एकमेकींना पीळ दिला, जुन्या चार्जरच्या वायरीवरचं खरखर अडवणारं काळं कडं काढून त्यातनं ओवल्या. बटण दाबलं.

खरखर खाली बसली. वरनं एका बाईचा कन्नड आवाज आला. सावित्रम्मा पदराला हात पुशीत येऊन हुबी राहिली. अफजलपूर झालं, सेडम झालं, जेवर्गी झालं. कार्यक्रम संपला.

"आज बी आळंद न्हाय आलं," ती म्हणाली.

बसवेशनं फोन काढला. "गाणं सांगायला नंबर काय त्यांचा? आळंदहून बोलतोय म्हणतो."

"खोटं बोलणार व्हय?"

"लख्ख हाय, लख्ख हाय, कोण म्हणत होतं रोज?"

मग तिनं गाण्याचं नाव सांगितलं.