कोंबडा आरवेपर्यंत

परवा मालवणला प्रबोधचे वडील, आबा, वारले, आणि तेव्हापासून प्रबोध सिंगापुरात टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये स्वतःच्या मुलीशी खोटं बोलत होता. आबा झोपलेत, आबांचा घसा बसलाय, तिकडे नेटवर्क नाही. खोटं बोलूनही माणूस इतका दमतो, हे त्याला ठाऊक नव्हतं.

आज शाळेच्या ऑर्केस्ट्रात गार्गीचा व्हायोलिनचा सोलो होता. सुतकात वाद्याला हात लावायचा नाही, हा आबांच्या घरचा नियम मोडायची कोणाची हिंमत नव्हती. पण सुतक लागतं ते बातमी कानावर पडल्यापासून, ही पळवाटही त्याच घरातली. फोनवर आईनेच नातीसाठी ती सुचवली. "चेडवाक वाजवूक दी. मगे सांग." अग्नी थोरल्या भावाने दिला. प्रबोध उद्या मालवणला निघणार होता.

गार्गीला वाजवायची होती 'मृत्यूचा नाच' ही पाश्चात्त्य रचना. मध्यरात्री मृत्यू स्मशानात व्हायोलिन छेडतो, सांगाडे उठून नाचतात आणि कोंबडा आरवला की धावतपळत आपापल्या खड्ड्यात शिरतात. तिने ही गोष्ट सांगितली तेव्हा आबा खूश झाले होते. "अगो, ह्यो तर आपलो वेताळ! भुतां घेवन फेरीक भायर पडता." तेव्हापासून रोजच्या सरावाला ते व्हिडिओ कॉलवर हजर. शेवटची कोंबड्याची बांग खरं तर ओबो या फुंकवाद्याची, पण ओबो वाजवणारी मुलगी शाळेत. घरी आबाच आरवायचे. शेजारच्या चिनी मावशींनी एकदा हसत विचारलं होतं, कोंबडा पाळलाय का.

गार्गी सुरेख वाजवत होती. तिची आई मधुवंती प्रबोधचा हात धरून शेजारी बसली होती. प्रबोधला धड ऐकूही येत नव्हतं. तो फक्त कोंबड्याची वाट बघत होता. तो आरवला की हे सोंग एकदाचं संपणार होतं.

ओबो आरवला. टाळ्या पडल्या. पण बाहेर येताच गार्गीने त्याच्या हातातला फोन घेऊन मालवणला लावलासुद्धा.

"आबांना ऐकायचं असेल, लाह," ती शाळेतल्या सिंगापुरी ढंगात म्हणाली. पलीकडे फोन उचलला गेला. "आबा, एकदम परफेक्ट झालं! आता तुम्ही आरवा ना. लास्ट टाइम."

मग एक फाटका, कापरा आवाज आला. कुकूचकू. जन्मात कधी चार माणसांत मोठ्याने न बोललेली प्रबोधची आई नातीसाठी आरवत होती.

गार्गीचं हसू विरलं.

"बाबा, आबा नाहीत ना?"

"नाहीत, बाळा. परवा गेले."

फोन चालूच होता. पलीकडे आई रडत होती, आणि परवापासून पहिल्यांदाच प्रबोधलाही रडू फुटलं.

गार्गीने व्हायोलिन पेटीत ठेवलं आणि पेटी बंद केली.

"आता लागलं ना सुतक?" तिने विचारलं. "मग मला पण घेऊन चला."