सिलोनची सुट्टी

तुळजापूरच्या मुलींच्या शाळेत लीलाबाई भूगोल शिकवत. फळ्यावर हिंदुस्थानचा नकाशा काढून झाला, की त्याच्या टोकाखाली सिलोनचा थेंब काढायचा. तो काढला की मात्र पुढचं काही शिकवावंसं वाटत नसे. खडू हातात तसाच राही आणि मुली एकमेकींकडं बघत बसत.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवरा गेला, तेव्हापासून त्या थोरल्या भावाकडं, नारायणरावांकडं राहत होत्या. भाऊ कोर्टात कारकून, घराणं मात्र देवीच्या पुजाऱ्यांचं. घर ते शाळा आणि शाळा ते घर, एवढंच बाईंचं जग. समुद्र त्यांनी कधी पाहिलाच नव्हता.

सायराबी सरकारी दवाखान्यात सुईण होती. नारायणरावांची मुलं तिच्याच हातावर जन्मली, त्यामुळं तिचं घरी येणंजाणं होतं. नवं महाराष्ट्र राज्य झालं, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात लीलाबाई खोकल्याचं औषध आणायला दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांच्या खोलीत रेडिओवर सिलोन लागलं होतं.

"हे सिलोन म्हणजे खरं गाव हाय का हो बाई?" सायराबीनं विचारलं.

"गाव नाही, देश आहे. चहूकडून समुद्र. जुन्या लोकांनी त्याला सरनद्वीप म्हटलंय."

सायराबीच्या हातातलं काम थांबलं. "सरनद्वीप? बाबा आदम जन्नतमधनं जिथं उतरले ते? तिथल्या डोंगरावर त्यांच्या पावलाचा ठसा हाय, असं अब्बा सांगायचे. मला वाटलं, ते निस्तं सांगण्यातलंच. तिथं जाता येतं?"

"येतं की. सोलापुराहून मद्रास, तिथून धनुष्कोडी, मग बोट."

"मग जाऊ की," सायराबी म्हणाली, जणू तामलवाडीच्या बाजारालाच निघाली होती.

त्या दिवसापासून लीलाबाईंचं कशात मन लागेना. जेवता जेवता उठून नकाशा उघडायच्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत न्यायची पेटी थंडीतच भरली, रिकामी केली, परत भरली. संध्याकाळी दोघी घाटाच्या तोंडाशी जाऊन बसत आणि खाली सोलापूरकडं उतरणारी बस दिसेनाशी होईपर्यंत बोलत. बोटीत उलटी होते का, डोंगर चढायला बायकांना मनाई आहे का, तिथले लोक कोणती भाषा बोलतात. उत्तरं दोघींनाही ठाऊक नव्हती.

नारायणरावांना कळलं तेव्हा ते जानवं चाचपत म्हणाले, "समुद्र ओलांडून? दोघी बायकाच?"

"दादा, रामेश्वरला गेले तर तुम्ही नाही म्हणाल का? त्याच्या थोडं पुढं."

"पासपोर्टच्या चौकशीला पोलीस दारात येईल. पुजाऱ्याच्या घरात पोलीस!"

पोलीस आलाच. शरणप्पा जमादार ओसरीवर बसला, चहा प्याला, दोन गोष्टी विचारून उठला. पुढं महिन्याभरानं लीलाबाईंचा पासपोर्ट आला. सायराबीचा आला नाही. त्या रोज शाळा सुटल्यावर दवाखान्यावरून जात आणि लांबूनच मान हलवून विचारत. सायराबीही मान हलवून नाही म्हणे.

शेवटी शरणप्पाच एक दिवस दवाखान्याच्या पायरीशी येऊन उभा राहिला. लीलाबाई तिथंच होत्या.

"सायराबी, तुमचा भाऊ कराचीला हाय न्हवं?"

"व्हय. लालमहंमद. निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत गेला."

"वरची मंडळी त्याच्यावरच अडून बसली. म्या चांगलंच लिहिलं होतं हो." एवढं बोलून तो खाली मान घालून निघून गेला.

"मग मीही जात नाही," लीलाबाई म्हणाल्या.

सायराबी भडकली. "का? माझ्या भावानं माझी वाट अडवली, आता तुमची म्या अडवू? निदान धनुष्कोडीपातूर तर मला कुणी अडवत न्हाय! समुद्र तरी बघू द्या की मला!"

मे महिन्यात दोघी निघाल्या. सोलापूरच्या फलाटापर्यंत नारायणराव पोचवायला आले. गाडी सुटताना खिडकीतून बहिणीच्या हातात फुटाण्याची पुडी कोंबली.

धनुष्कोडीला रूळ संपत होते आणि तिथंच पाणी सुरू होत होतं. बोट धक्क्याला लागलेली. सायराबी पदर धरून वाळूत उभी राहिली. बराच वेळ तिनं डोळेही मिटले नाहीत.

"केवढं हे पाणी! लालमहंमद असल्याच पाण्यावरनं गेला?"

"हो. मुंबईहून बोटीनंच गेले असतील."

"आन् म्या येडी रोज म्हणायची, येईल एखाद्या दिशी. उस्मानाबादची बस यावी तसा."

"चला, परत जाऊ आपण," लीलाबाई म्हणाल्या.

सायराबीनं त्यांची पेटी उचलली आणि हमालाच्या डोक्यावर ठेवली. आजवर ती त्यांना कधी 'तुमी'शिवाय बोलली नव्हती. "जा गं तू. मला रडायचंय. तू हितं असलीस की नीट रडता यायचं न्हाय."

लीलाबाई बोटीत चढल्या.

पलीकडं त्यांनी नारळीच्या राया पाहिल्या, चहाचे मळे पाहिले. त्या डोंगरावर सगळ्या धर्मांची माणसं एकाच पायऱ्यांनी चढत होती. त्याही चढल्या. वर पोचल्यावर ढग पायांखाली होते. लोक ठशापुढं डोकं टेकवून निवांत बसले, पण सायराबीवाचून लीलाबाईंना क्षणभरही बसवलं नाही. सगळी सुट्टी तिथं घालवायचं ठरलं होतं, आणि त्या थोड्याच दिवसांत परत बोटीत बसल्या.

सायराबी रामेश्वरला एका दर्ग्यात मुजावराच्या बायकोजवळ राहिली होती. तिचा चेहरा सुजल्यासारखा, पण शांत दिसला.

"हितं आदमच्या दोन लेकांच्या कबरी हायत म्हणतात," ती म्हणाली. "एकानं दुसऱ्याला मारलं. तरी शेजारी शेजारी निजल्यात. म्या रोज दोघांवरबी फुलं टाकली."

परतीच्या गाडीत लीलाबाई बोलत राहिल्या आणि सायराबी ऐकत राहिली. मध्येच थांबवून ती विचारी, "वारं कसं होतं? पायऱ्या केवढ्या?" सोलापूरला बस धरली तरी सांगणं संपलं नव्हतं.

तामलवाडी मागं पडली. तुळजापूरचा घाट लागला.

"पुढल्या साली पुन्हा अर्ज करायचा," सायराबी म्हणाली. "वरची मंडळी किती डाव न्हाय म्हणतायत, बघू. तोपातूर तू जाऊ नकोस कुठं."

"नाही जात," लीलाबाई म्हणाल्या. बस वळणावर झुकली तशी त्यांनी समोरची दांडी घट्ट धरली. वर गावातली घरं दिसू लागली होती. उद्यापासून तेच घर, सुट्टी संपली की तीच शाळा. त्यांना खिडकीशी धड बसवेना, आणि कंडक्टर 'खाली बसा' म्हणून ओरडेपर्यंत त्या कधी उठून उभ्या राहिल्या, ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही.