सतरा नंबरची खूण

मी नव्या गिटारी मारून जुन्या करतो. हे ऐकून लोक हसतात, म्हणून आधीच सांगून टाकलं; हसून घ्या. चाळीस वर्षांपूर्वीची इलेक्ट्रिक गिटार आता मिळत नाही, मिळाली तर परवडत नाही. मग कंपनी तेच मॉडेल, तेच लाकूड, तारांचा आवाज पकडणारे तसेच पिकअप वापरून पुन्हा बाजारात आणते, आणि गिऱ्हाईक म्हणतं, छान आहे, पण फार नवी दिसते. तिथे आमचं खातं येतं. कोरी करकरीत गिटार आमच्या टेबलावर येते आणि दोन दिवसांत चाळीस वर्षं मार खाल्ल्यासारखी होऊन बाहेर पडते. पाठीवर पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे, कडेला किल्ल्यांच्या जुडग्याचे टोचे, वरच्या टोकाला सिगारेटचा डाग. गार पेटीत ठेवून वरचं चकचकीत लॅकर तडकवायचं, स्क्रू आम्लाच्या वाफेवर गंजवायचे. कारखान्यात आमच्या खात्याला मारखाना म्हणतात आणि मी त्याचा मुकादम आहे.

हे काम मला मानवलं. माझा राग लहानपणापासून नाकाच्या शेंड्यावर. शाळेतून काढलं ते मारामारीवरून, पहिल्या दोन नोकऱ्या गेल्या त्याही हातघाईवर येऊन. इथे आल्यावर दिवसभर लाकूड बडवून घरी जायचो तो गारठलेल्या मांजरासारखा. बायको म्हणते, कंपनीने नोकरी तुला दिली, पण वाचले मी. ती हे हसत म्हणते, आणि मीही हसतो.

आमच्या खात्याचा नियम असा की खूण ज्या वस्तूने पडली, त्याच वस्तूने पाडायची. किल्लीचा टोचा किल्लीनेच. खिळ्याने पाडलेला कुणाला कळणार नाही म्हणता? मला कळतो. दुसरी एक रीत आहे. कुणाच्या खास जुन्या गिटारीवरून नकला काढल्या, तर पहिल्या नकलेवरची एक खूण त्या मालकाने स्वतःच्या हाताने पाडायची आणि आम्ही त्याचा फोटो काढायचा.

यंदा कंपनीने काढायला घेतलेलं मॉडेल माझ्या दाजींकडे होतं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. तीस वर्षं त्यांनी हॉटेलांत, स्टुडिओंत, मोठमोठ्या गायकांच्या मागे उभं राहून वाजवलं. गोड बोलणारा, इस्त्रीच्या शर्टातला माणूस. मीच मॅनेजरला जाऊन सांगितलं की अस्सल नग माझ्या घरात आहे. गिटार आली तेव्हा मी छाती काढून फिरत होतो.

जुन्या गिटारीवर आम्ही पारदर्शक प्लास्टिक अंथरतो आणि एकेका खुणेला नंबर देतो. दाजींच्या गिटारीवर एकतीस निघाल्या. दाजी खुर्ची ओढून बसले आणि चहा पीत प्रत्येकीची गोष्ट सांगत गेले. चौथी बसच्या दाराची, नववी पट्ट्याची, बारावी एका दारुड्या ढोलकीवाल्याची. सतरावी खालच्या कडेला होती. शेजारी शेजारी दोन खड्डे, डाळीच्या दाण्याएवढे.

"भर कार्यक्रमात माइकचा स्टँड पडला अंगावर," दाजी म्हणाले. "अकरा वर्षं झाली असतील."

मी लिहून घेतलं, माइकचा स्टँड.

दुसऱ्या दिवसापासून मी रद्दीतल्या लाकडावर स्टँड मारायला लागलो. लोखंडी नळी लांबट खाच पाडते, कशीही मारा. मग स्टँडचा स्क्रू मारून बघितला, बूड मारून बघितलं, पकड, चमचा, बाटलीचं तोंड, कुलपाची कडी. चार दिवस गेले. मॅनेजर रोज येऊन प्लास्टिक लावून बघायचा आणि मान हलवून जायचा. माझं डोकं फिरायची वेळ आली. वीस वर्षांत मला न ओळखता आलेली ही पहिली खूण होती.

पाचव्या दिवशी पॉलिशवाली मावशी जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी आली. कमी बोलणारी बाई. तिने अस्सल गिटार उजेडात तिरपी धरली, अंगठा खड्ड्यावरून फिरवला आणि गिटार खाली ठेवली.

"दात आहेत," ती म्हणाली.

"कसले दात?"

"माणसाचे. वरचे दोन. आमच्या नवऱ्याच्या मुठीवर होती अशी खूण, मरेपर्यंत होती. एका बाजूने खोल उतरते आणि दुसऱ्या बाजूला चढत जाते, बघ." तिने डबा उचलला. "कुणीतरी तोंडावर मारलीय ही."

मी हसलो. मग भिंग घेतलं. डावा खड्डा पुरता होता. उजव्याचा एक कोपरा नव्हता, तिरका छाटल्यासारखा. तो कोपरा मला ठाऊक होता, कारण तो मीच उडवला होता. नऊ वर्षांचा असताना ताईने माझा पतंग फाडला म्हणून मी स्टीलचा पेला तिच्या तोंडावर फेकला होता. पुढच्या दाताचा तुकडा उडाला आणि तिने आईला सांगितलं की पायरीवर पडले. अकरा वर्षांपूर्वी तिचे तेच दोन दात पडले. तेव्हा म्हणाली, न्हाणीघरात घसरले. आणि मी शहाणा, मी तिला म्हणालो होतो, ताई, जरा बघून चालत जा.

इथून पुढे मी त्या माणसाला अहो-जाहो करणार नाही.

त्याच दुपारी, तो तालमीला गेला असताना, मी ताईकडे गेलो. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी उभ्या उभ्या विचारलं, "दात त्याने पाडले ना? गिटारीने?"

तिने हातातली घडी पुरी केली. "फार लवकर विचारलंस," ती म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात. गिटार एकदाच. एरवी पट्टा, केबल, हात. मोडलेलं मनगट त्याचंच, ऐकू न येणारा कानही त्याचाच. गेल्या महिन्यात त्याने तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं, कारण गिटारीची पिशवी पहिल्यांदा कारखान्यात दाखवायला नेताना तिने ती जमिनीवर टेकवली. तिने केस बाजूला करून दाखवलं. टाके तिने घालून घेतलेच नव्हते. जखम आपली आपण भरली होती, वाकडी.

"मी त्याचा मुडदा पाडतो," मी म्हणालो, आणि दाराकडे वळलोही.

"बस खाली." लहानपणी दरडावायची तशी दरडावली. "तुला काय वाटतं, मी तुझी वाट बघत बसलेय? माझं ठरलंय. गुरुवारी तो तुमच्याकडे फोटोला येणार, अकरा ते एक. घरातून तो एकटा एवढा वेळ कधी जातच नाही. तालमीला गेला तरी तासात परत, आणि मधे तीन फोन. फोटोच्या दिवशी फोन बंद ठेवील. साडेबाराची बस आहे. त्या गावात माझी मैत्रीण वसतिगृह चालवते, तिने खोली ठेवलीय. नोकरीपण."

"आणि मी काय करू?"

"एकपर्यंत त्याला तिथे गुंतवून ठेव. लवकर निघाला तर कारखान्याच्या फोनवरून मला फोन कर, तेवढाच फोन मी उचलीन. बाकी काही करायचं नाही. हात उचलायचा नाही. कबूल कर."

मी कबूल केलं. तिला ते पुरलं नाही. तिने माझी दोन्ही मनगटं धरली आणि पुन्हा कबूल करून घेतलं.

"आणि ती खूण?" मी विचारलं. "साठ गिटारी आहेत. साठ जणांच्या घरात तुझे दात जाणार."

"साठ काय, सहाशे लाव," ताई म्हणाली. "मला बस गाठू दे."

गुरुवारी तो अकराला पाच कमी असताना आला. नवा शर्ट, केसांना रंग. मॅनेजर, फोटोवाला, आमच्या खात्यातले आम्ही चौघं आणि दाराशी मावशी. पहिली नक्कल टेबलावर मखमलीवर ठेवली होती. तीस खुणा मी पाडल्या होत्या आणि एक त्याच्यासाठी ठेवली होती. ठेवली म्हणजे मॅनेजरनेच सतरावी निवडली. स्टँडची गोष्ट त्याला फोटोखाली छापायची होती.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून कामाला लागलो. त्याला गार पेटी दाखवली, आम्लाची खोली दाखवली, पुन्हा चहा मागवला. मी त्याला दाजी म्हणत होतो आणि जीभ कडू होत होती. सव्वाअकरा झाले. फोटोवाल्याला घाई होती.

त्याच्या हातात स्टँड दिला. त्याने मारला. खाच पडली, लांबट. मॅनेजरने प्लास्टिक लावलं आणि म्हणाला, "जुळत नाही." त्याने पुन्हा मारला, जरा जोरात. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्याच्या मानेवरची शीर फुगली आणि त्याने स्टँड दोन्ही हातांनी उचलून हाणला, एकदा, दोनदा, तीनदा, आणि लाकडाची ढलपी उडाली. मग त्याने रुमालाने कपाळ पुसलं, पुन्हा गोड झाला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, "या खुणेसाठी तुझ्या ताईलाच आणायला हवं होतं."

स्टँड जुळत नाही हे बघून त्याने ताडलं होतं की मला माहीत आहे. आणि तो हसत होता.

मी घड्याळाकडे बघितलं, हे मला आठवतं. अकरा वाजून बावीस मिनिटं. एक वाजेपर्यंत तोंड मिटून उभं राहायचं होतं, बस्स. एखाद्या गाढवालाही जमलं असतं.

किल्ल्यांचं जुडगं टेबलावर होतं. ते मुठीत कधी आलं कळलं नाही. पहिला फटका गालावर बसला आणि गाल उकलला. तो मागे टेबलावर पडला, मी त्याची कॉलर धरून त्याला पुन्हा उभा केला आणि पुन्हा मारलं. मग पट्टा. मग ज्या स्टँडने तो खोटं बोलला तो स्टँड. वीस वर्षांचा माझा हात, कुठली वस्तू कुठे काय करते हे त्याला ठाऊक. एकही फटका वाया गेला नाही. स्टँड त्याच्या उजव्या हातावर बसला तेव्हा हाड तुटल्याचा आवाज आला, आणि मला बरं वाटलं. लपवत नाही, फार बरं वाटलं. खात्यातले तिघं माझ्या अंगावर पडले तेव्हा कुठे मी थांबलो. मावशी दारातच उभी होती. ती त्याच्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती, आणि तिने पदराने तोंड झाकलं होतं.

रुग्णवाहिका आली, पोलीस आले. माझे हात मागे बांधले. त्या गडबडीत मॅनेजरने नातेवाइकाला कळवायचं म्हणून कारखान्याचा फोन उचलला. मी ओरडलो, नको लावू, मी सांगतो, थांब. पोलिसाने माझं तोंड भिंतीला दाबलं.

ताईने फोन पहिल्याच घंटेला उचलला असणार. तो फोन माझा असणार होता.

मॅनेजरने तिला दोन गोष्टी सांगितल्या. नवरा दवाखान्यात आहे आणि भावाला पोलिसांनी धरलंय. पहिलीसाठी ती थांबली नसती.

दुपारी तीनला पोलीस मला दवाखान्यात घेऊन गेले, ओळख पटवायला. तो पलंगावर बसला होता. हात प्लास्टरमध्ये, गालाला अकरा टाके. शेजारी ताई, प्रवासाचे बूट घातलेली. फौजदार कागद घेऊन उभा होता.

"तक्रार लिहायची का?" फौजदाराने विचारलं. "साक्षीदार आहेत. चार-पाच वर्षं आरामात जाईल आत."

"घरचाच माणूस आहे हो," तो म्हणाला. तोंड सुजलं होतं तरी आवाज गोडच. "बहिणीवर जीव आहे त्याचा. माझं काही म्हणणं नाही. हात बरा होईपर्यंत माझं सगळं करायला कुणी असलं, म्हणजे झालं. मग कशाला तक्रार?" आणि त्याने ताईकडे बघितलं.

"ताई, मी जातो आत," मी म्हणालो. "तू जा. पाचला दुसरी बस असेल. मी जातो आत, मला चालेल."

"तुझी मुलगी सहा वर्षांची आहे," ताई म्हणाली. तिने माझ्याकडे बघितलं नाही. फौजदाराला म्हणाली, "तक्रार नाही. आम्ही घरी जातोय."

"ताई."

"एकच गोष्ट सांगितली होती तुला," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

डाव्या हाताने त्याला पाण्याचा पेला धरता येईना. ताईने तो त्याच्या ओठांना लावला आणि दुसऱ्या हाताने त्याची हनुवटी पुसली. फौजदाराने कागद दुमडून खिशात घातला, माझ्या हातांतल्या बेड्या काढल्या आणि म्हणाला, नशीबवान आहेस, जा घरी.

मी तिथेच उभा राहिलो. शेवटी ताईनेच मान वळवली.

"जा," ती म्हणाली. "सुटलास तू."